अडकलेली पुंगळी

कोणी पिस्तूल घेऊन दुकानात आलं की मी पहिले माणसाकडं पाहतो, मंग पिस्तुलाकडं. लायसन दाखव, आधार दाखव, फोटोतलं तोंड अन् समोरचं तोंड एकच आहे का पाहू दे. मंग मॅगझिन काढायचं, वरची सरकती स्लाइड मागं ओढायची अन् गोळी बसते त्या चेंबरमध्ये बोट घालून पाहायचं. समोरचा दहा वेळा म्हणन, "रिकामं आहे मिस्त्री, आत्ताच पाह्यलं." पाह्यलं असन बाप्पा. तू तुह्या डोळ्यानं पाह्यलं, मी माह्या बोटानं पाहतो. तीन पिढ्यायपासून आम्ही दारव्ह्यात बंदुका दुरुस्त करून राह्यलो, अन् तिन्ही पिढ्यायची दाही बोटं शाबूत आहेत ती या सवयीमुळंच.

लोकायले वाटते, हा म्हातारा खडूस आहे. असन. पण तालुक्यात कुठं गावठी कट्टा सापडला का पहिले माह्या शटरवर काठी वाजते. "चाचा, जरा ठाण्यात चला, सायबानं बलावलं." तिथं खुर्ची देतात, चहा पाजतात, इज्जतीनं बोलतात, झूट कायले बोलू? पण इचारतात तेच, हे तुमच्या हातचं काम तं नाही? माह्या बापालेही असंच इचारत. म्हणून आपल्याहून ठाण्याची पायरी चढायची नाही, अन् पाहिल्याबिगर कोणाचंच खरं मानायचं नाही, असे दोन नेम म्या करून ठेवले होते.

ही गोष्ट निवडणुकीनंतरची. निवडणूक लागली का लायसनवाल्यायले आपापलं हत्यार ठाण्यात जमा कराव लागते, अन् निकाल लागला का पावती दाखवून परत आणाव लागते. त्या दिवसायमध्ये माह्याकडं गर्दी असते. महिना-दीड महिना पडून राह्यलं का लोखंड रुसते, तेल सुकते, अन् मालकाले वाटते आपलं पिस्तूलच बदललं. डिसेंबर लागला होता. थंडी अशी का सकाळी हातात पाना धरवत नव्हता.

दुपारी बाराच्या सुमाराले एक जुनं गिऱ्हाईक आलं. जवळच्याच गावचा कास्तकार, पन्नाशीतला, कपाशी-तुरीचं मोठं वावर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याचं बत्तीस बोअरचं पिस्तूल म्या कितीकदा साफ करून देलं होतं. दर वेळी हसत येणारा माणूस. त्या दिवशी आला तो आल्याबरोबर शटर अर्धं खाली ओढलं.

"मिस्त्री, आत दुसरं कोणी आहे का?"

"मी आहे अन् माहा दमा आहे," म्या म्हटलं. "शटर वर करा पहिले. बंद शटरात मी हत्याराले हात लावत नाही."

नाइलाजानं त्यानं शटर वर केलं. स्टुलावर बसला, पिस्तूल माह्या पुढं ठेवलं अन् हळू आवाजात सांगू लागला. काल पहाटे तो वावरातल्या विहिरीजवळ गेलता. ठाण्यातून परत आणलेलं पिस्तूल नीट चालते का पाहाव म्हणून मातीच्या ढिगात एक गोळी टाकली. गोळी सुटली, पण रिकामी पुंगळी बाहेर उडालीच नाही. स्लाइडच्या तोंडात अर्धी आत, अर्धी बाहेर, उभीच्या उभी अडकली. ती काढून दुसरी गोळी घ्यायले गेला तं ती चेंबरमध्ये शिरेना, नाक वर करून चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरच थांबली. चार-पाच वेळा पाह्यलं, तेच.

"होते असं," म्या म्हटलं. "मॅगझिनचे ओठ वाकले असतीन, नाही तं स्प्रिंग..."

"होत नाही मिस्त्री. केलं आहे. माह्या भावानं केलं आहे."

मंग सगळं बाहेर आलं. लहान्या भावासंगं वाटण्या झाल्या, वावराच्या हद्दीवरून, धुऱ्यावरून बोलाचाली झाली, अन् दीड वर्षापासून दोघायचा अबोला. घरं मात्र एकाच भिंतीची. यानं घरात फर्मान काढून ठेवलेलं, त्यानं माह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. "त्याले माहीत आहे, रात्री पिकाच्या जागलीले मी एकटाच वावरात असतो. ऐन टायमाले पिस्तूल चाललं नाही पाह्यजे, असा डाव आहे त्याचा. जिवावर उठला आहे तो माह्या." असं म्हणून त्यानं खिशातून एक कोरा कागद काढला अन् माह्या पुढं सरकवला. "तुमच्या सही-शिक्क्यानं लिहून द्या. कोणीतरी मुद्दाम बिघडवलं म्हणून."

माहं टाळकं सरकलं. "काहो, तुम्ही डॉक्टरकडं गेले तं पहिले मयतीचा दाखला मांगता का? नाडी तं पाहू द्या."

पिस्तूल जवळ ओढलं तं काय पाहतो, मॅगझिनवर एक लाल ठिपका, स्लाइडवर एक, पकडीच्या दोन्ही स्क्रूवर एकेक. "हे काय आहे?"

तो जरासा ओशाळला. "बायकोचं नेलपॉलिश आहे. कोणी पार्ट बदलला तं समजाव म्हणून लावलं."

"कोणी म्हणजे? इथं बदलणारा मीच आहे ना?"

"तसं नाही मिस्त्री. पण आजच्या जमान्यात भरोसा ठेवाव कोणावर?"

खोटं कायले सांगू, लय लागलं मले ते. वीस वर्षाची ओळख अन् माणूस माह्या डोळ्यादेखत माह्या हातावर नजर ठेवून बसला. वाटलं, उचल तुहं पिस्तूल अन् चालू लाग म्हणाव. पण बापाचं सांगणं होतं, गिऱ्हाइकाच्या रागात हत्यार अर्धवट परत द्यायचं नाही, कारण ते कोणाच्या तरी हातात फुटते. कामाले लागलो.

नेमाप्रमाणं चेंबरमध्ये बोट घालून पाह्यलं अन् मॅगझिनपासून सुरुवात केली. न खाणारं पिस्तूल असलं का दहातल्या सात वेळा दोष मॅगझिनचाच. ओठ पाह्यले, सरळ होते. स्प्रिंग दाबून पाह्यली, तिच्यात जोर होता. त्याच्याजवळ दुसरं मॅगझिन होतं, तेही लावून पाह्यलं. मंग त्यात डमी गोळ्या भरल्या. डमीत बारूद नसते, नुसत्या चालवून पाहाच्या कामाच्या. स्लाइड मागं ओढली, सोडली, पहिली डमी सरकन आत गेली. परत ओढली, तं टेबलावर टणकन येऊन पडली. दुसरी गेली, बाहेर आली. तिसरी, चौथी. एक बी अडकली नाही.

तो माह्याकडं पाहे, मी त्याच्याकडं.

"तुम्ही काहीतरी केलं," तो म्हणाला. "मघाशी बोट घातलं तवा काहीतरी दाबलं."

"अन् मले वाटून राह्यलं का तुम्ही झूट बोलून राह्यले," मीही बोललो. खरंच तसंच वाटलं मले. मनात आलं, हा भावाले अडकवाले निघाला आहे अन् बंदूक ठेवाले माहा खांदा पाहून राह्यला. उद्या भावाचा वकील इचारन, कोणी लिहून देलं? तं दारव्ह्याच्या मिस्त्रीनं. मंग बसा चहा पीत ठाण्यात.

तो ताडकन उठला, खिशात हात घातला अन् एक पितळी पुंगळी टेबलावर आपटली. "हे घ्या. हेही मीच बनवलं का?"

पुंगळी उचलून भिंग लावलं. तोंडाजवळ चपटी झालती, स्लाइडनं दोन्हीकडून चावल्यासारखी. अन् बुडाच्या कडेले आकड्याचा ओरखडा अगदी टोकाले होता, निसटता. स्लाइडमध्ये एक बारीक आकडा असते, तो पुंगळीची कड धरून तिले मागं ओढते. इथं आकड्यानं ती नीट धरलीच नव्हती. माणूस झूट बोलू शकते, पण पितळेवरचा ओरखडा कोण पाडून आणन? म्हणजे हा खरं बोलून राह्यलता. मंग काल न चालणारं आज काहून चालते?

"काल किती वाजता चालवलं?"

"सहाले. हात गारठून गेलते."

म्या स्लाइड उतरवली अन् नाकाशी नेली. माहं मशीनचं तेल मी झोपेत बी ओळखतो. हा वास त्याचा नव्हता, हा खोबऱ्याचा होता. तवा डोक्यात उजेड पडला. माह्याच घरची खोबऱ्याच्या तेलाची बाटली त्या सकाळी गोटा झालती, बायकोनं उन्हात ठेवली तवा कुठं पातळ झाली. पहाटेच्या थंडीत या पिस्तुलातलंही तेल गोठलं असन, स्लाइड जोरानं मागं गेलीच नसन. अन् आता बाराच्या उन्हात गाडीवर खिशात गरम होऊन आलं, तं चालून राह्यलं.

"पण माह्या पिस्तुलाले खोबऱ्याचं तेल कोण लावन?" तो म्हणाला.

"थांबा ना जरा."

पिन ठोकून आकडा काढला. त्याच्या खाचेत सुई घातली तं लाल-पिवळा गोळा निघाला, मऊ मेणासारखा. त्याच्या मागून अर्धा तांदूळ. आकड्याच्या मागच्या स्प्रिंगमध्ये हे सगळं गच्च बसलेलं. थंडीत हे गोठलं का आकडा दबनच कसा अन् पुंगळीले धरन कसा? पुढच्या उतारावर बी तोच लेप, म्हणून गोळीचं नाक तिथं चिकटे. म्या ते सगळं एका कागदावर काढून त्याच्या पुढं सरकवलं. हळद-कुंकू अन् अक्षता ओळखाले मले हिंदू व्हायची गरज नाही. दर दसऱ्यानंतर अर्ध्या तालुक्याचे हत्यारं मीच धुतो. लाख वेळा सांगतलं लोकायले, ट्रॅक्टरले वाहा, वखराले वाहा, पिस्तुलाले दुरून हात जोडा. पण ऐकते कोण? जितकी भक्ती जास्त, तितकं कुंकू जास्त.

"दसऱ्याची पूजा आहे ही," म्या म्हटलं. "डाव नाही अन् काही नाही. पुढच्या वर्षी कुंकू कमी वाहा."

मले वाटलं हा हसन. तो पांढरा पडला.

"मी दसऱ्याले घरी नव्हतोच, मिस्त्री. साळा दवाखान्यात भरती होता, मी यवतमाळले. परत आलो अन् दोन-तीन दिवसात निवडणूक लागली. कपाटातून पिस्तुलाचा डबा काढला अन् तसाच जमा केला. म्या पूजा केलीच नाही." मंग त्याचे डोळे बारीक झाले. "कपाटाची चाबी घरात एकीजवळच असते."

आता संशय बायकोवर गेला. या अल्ला, म्हटलं, हा माणूस संध्याकाळपर्यंत स्वतःच्या सावलीवर अर्ज देईन. त्यानं फोन लावला अन् माह्यासमोरच स्पीकरवर ठेवला. साक्षीदार पाह्यजे होता ना त्याले.

"दसऱ्याले कपाट कोणी उघडलं?"

तिकडून बाईचा आवाज आला, "म्या उघडलं. भाऊजी आलते सोनं द्यायले."

"घरात घेतलं त्याले?"

"सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाले हाकलून देऊ का? तुमच्या पाया पडाले आलते. तुम्ही नव्हते. तं म्हणाले, वहिनी, दादाचं हत्यार पाटावर ठेवा, बाबा होते तवापासून दरसाल मीच पूजा करतो, मागच्या साली चुकली, या वर्षी चुकली नाही पाह्यजे. बसून चांगलं पुसलं, तेल लावलं, कुंकू वाह्यलं अन् चहा न पिता निघून गेले. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं."

त्यानं फोन ठेवला. मले वाटलं, चला, मिटलं. पण संशय लय चिवट जात असते. तो कागदाकडं बोट करून म्हणाला, "म्हणजे हात त्याचाच लागला ना? मी काय म्हणत होतो? लिहा तसं."

मंग मात्र माहा बांध फुटला. "अहो, साप साप म्हणून भुई धोपटून राह्यले तुम्ही! पिस्तूल कसं बिघडवायचं हे मले इचारा. मनात आणलं तं दोन मिनिटात असं बिघडवीन का तुमच्या सात पिढ्यायले समजणार नाही. त्यातलं यात एक बी नाही. स्प्रिंग शाबूत, पिन शाबूत, ओठ शाबूत. वैरी कधी तेल-कुंकू लावून पाटावर बसवते का हो? ज्याले तुम्ही दारात उभं करत नाही तो तुमच्या माघारी तुमच्या लोखंडाच्या पाया पडला, अन् तुम्ही मले म्हणता गुन्हा लिहा! मी नाही लिहीत. जा, दुसरा मिस्त्री पाहा."

इतका ओरडलो का दम लागला. दम्याचा पंप ओढून बसलो. तो खाली पाहत म्हणाला, "मिस्त्री, एक गडबड झाली."

"आता काय?"

"सकाळी इकडं येण्याआधी म्या ठाण्यात अर्ज देला. भावापासून जिवाले धोका आहे म्हणून. तुमचा कागद संध्याकाळी जोडतो म्हणून सांगून आलो. त्याले बलावलं असन आतापर्यंत."

मले शिव्या येत नाहीत असं नाही, पण त्या दिवशी एक बी सुचली नाही. भावाच्या नावावर असा अर्ज चढला का तो पिढ्यान् पिढ्या उतरत नाही. म्या पिस्तूल जोडलं, ती चपटी पुंगळी अन् कुंकवाचा कागद खिशात घातला, शटर ओढलं अन् म्हटलं, चला. ठाण्याच्या दारावरचा शिपाई माह्याकडं पाहतच राह्यला. "चाचा, आज बलावल्याबिगर?"

आत बाकावर लहाना भाऊ बसला होता. चाळिशीचा, वावरातून उठून आलेला, शर्टाले अन् केसाले कापूस चिकटलेला. मोठा आत आला तसा तो उभा राह्यला. मोठ्यानं भिंतीकडं तोंड केलं.

सायब म्हणाले, "बरं झालं आले तुम्ही. तुमच्या भावानं कबूल केलं."

"काय कबूल केलं?" म्याच इचारलं.

"म्हणते, हाव, हात लावला, बिघडलं असन तं माह्यानंच बिघडलं, काय कराचं ते करा. पण कधी लावला, कपाट कोणी उघडून देलं, हे इचारलं का तोंड शिवून बसते. तासभर झाला."

मले चटकन समजलं. कपाटाचं सांगतलं असतं तं वहिनीचं नाव आलं असतं, अन् घरी वहिनीले काय भोगाव लागलं असतं हे त्याले ठाऊक होतं. म्हणून गड्यानं सगळं आपल्या डोक्यावर घेतलं. न केलेला गुन्हा. माहे डोळे भरून आले, लपवाले काय आहे त्यात. मोठ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालत्या. त्यालेही समजलं होतं.

म्या कागद सायबाच्या टेबलावर उलगडला. कुंकू, हळद, अर्धा तांदूळ, चपटी पुंगळी. थंडीत खोबऱ्याचं तेल कसं गोठते, आकडा कसा अडकते, सगळं सांगतलं. सायबानं बोटानं उचलून वास घेतला. मंग मोठ्याले बरंच सुनावलं. हत्याराची पूजा केली तं केली, पण लायसन तुमचं अन् हात दुसऱ्याचा, हे मी कागदावर घेतलं तं लायसन जाईन, हौस आहे का? आत्ताच्या आत्ता लिहून द्या, गैरसमजातून अर्ज केलता, मागं घेतो. मोठ्यानं मुकाट्यानं लिहून सही केली.

काम झालं होतं. पण कोणी हलेना. मोठा भिंतीकडं पाहतच मले म्हणाला, "मिस्त्री, याले इचारा, पूजा केली तं कोणाजवळ बोलला काहून नाही?"

लहान्याच्या अन् त्याच्यात दोन हाताचं अंतर नव्हतं. तरी मी दुभाष्यासारखा लहान्याकडं वळलो. तो म्हणाला, "चाचा, त्यायले सांगा, देवाधर्माचं केलेलं कोणी सांगत फिरते का?"

सवय काही एका दिवसात जात नाही. त्याच जुन्या संशयाच्या आवाजात मोठ्यानं इचारलं, "मिस्त्री, इचारा याले, एवढं तेल, एवढं कुंकू लावून मांगतलं काय होतं?"

लहाना खाली पाहून केसातला कापूस काढू लागला. "मी काय मांगणार चाचा? दादाले हे कोणावर चालवाची पाळी कधी येऊ नये म्हटलं. बस, एवढंच."

सायबानं हातातला पेन खाली ठेवला. मोठा भिंतीपासून वळला. मले वाटलं आता मले काहीतरी इचारन, म्हणून मी कान पुढं केला. तो मले ओलांडून बाकाजवळ गेला अन् दीड वर्षात पह्यल्यांदा भावाकडं पाहून भावासंगंच बोलला.

"सरक तिकडं. बसू दे मले."